काचेमागच्या खाटा

नेव्हरलँडमध्ये एक थिएटर होतं. पन्नासेक खुर्च्यांचं, बाहेर गोळ्या-चॉकलेटांचा काउंटर, आणि पैसे द्यायची भानगड नाही. हॉलिवूडच्या बड्या लोकांच्या घरी अशी खासगी थिएटरं असतातच, त्यात विशेष काही नाही. विशेष होतं ते प्रेक्षागृहाच्या मागच्या बाजूला. तिथे काच लावलेल्या दोन खोल्या होत्या आणि त्या खोल्यांत खाटा. ज्या मुलाला आजारपणामुळे खुर्चीत बसवतसुद्धा नाही, त्याने उशीला टेकून काचेतून सिनेमा बघावा, अशी ती सोय. १० फेब्रुवारी १९९३ रोजी ऑप्रा विन्फ्रीने या इस्टेटीतूनच तिचा मालक मायकल जॅक्सन याची मुलाखत थेट प्रसारित केली, तेव्हा या खाटांचा विषय निघाला. मुलांविषयी खरोखर कळवळा असल्याशिवाय थिएटर बांधताना एवढा विचार कुणाच्या डोक्यात येणार नाही, असंच ते बघताना कुणालाही वाटलं असतं. जगभर कोट्यवधी लोक बघत होते आणि त्यांतल्या बहुतेकांना तसंच वाटलं असणार.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी २००३ मध्ये, मार्टिन बशीरच्या माहितीपटात पुन्हा खाटेचाच विषय आला. या वेळी जॅक्सन स्वतःच्या निजायच्या खोलीबद्दल बोलत होता. मुलांना आपल्या पलंगावर झोपू दिलं तर त्यात वावगं काय, असं तो समोरच्यालाच विचारत होता. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सत्तरेक पोलीस नेव्हरलँडच्या फाटकातून आत शिरले आणि झडती सुरू झाली.

आजारी पोरासाठी काचेमागे मांडलेली खाट आणि झडतीत तपासला गेलेला पलंग. नेव्हरलँड कसं उभं राहिलं आणि कसं बसलं हे मला या दोन वस्तूंमधल्या अंतरात दिसतं. बहुतेकांना ते पैशात दिसतं. गायकाने बेसुमार पैसा उधळला, हत्ती-जिराफ पाळले, घरात आगगाडी फिरवली, कर्ज झालं, इस्टेट गेली. हा सोपा हिशेब आहे आणि आपल्याला तो मनापासून आवडतो. भगवानदादांची गोष्ट आपण कशी सांगतो ते आठवा. १९५१ चा ‘अलबेला’, मग जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला, दारात सात गाड्या, वाराला एक, आणि शेवट चाळीतल्या खोलीत. सांगणाऱ्याच्या आवाजात हळहळ असते, पण तिच्या तळाशी थोडं समाधानही असतं: एवढं मिळवून शेवटी आपल्यातच आला. गाड्या लक्षात राहतात म्हणून गाड्यांनी बुडवलं असं आपण धरून चालतो. दादांचा पैसा बुडाला तो स्वतःच काढलेल्या चित्रपटापायी, असंच जाणकार सांगतात. पण ‘धंद्यात खोट आली’ या वाक्याला ‘वाराला एक गाडी’ची चव नाही.

जॅक्सनच्या बाबतीत तर हा हिशेब आकड्यांतही बसत नाही. ते आकडे पुढे येतीलच. आधी ती जागा.

कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसपासून दोनेकशे किलोमीटरवर सांता इनेझचं खोरं आहे. लॉस ओलिवोस नावाचं छोटं गाव, तिथून डोंगराकडे जाणारा अरुंद रस्ता, ओकची झाडं, उन्हाळ्यात पिवळं पडणारं गवत, गुरं. या रस्त्याला साधारण २,७०० एकरांचं एक रँच होतं. दादरच्या शिवाजी पार्कची अशी जवळजवळ शंभर मैदानं त्यात मावतील. विल्यम बोन नावाच्या बिल्डरने तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठं घर बांधलं आणि जागेचं नाव ‘सिकमोर व्हॅली रँच’ ठेवलं. १९८३ मध्ये पॉल मॅकार्टनी आणि जॅक्सन एका गाण्याचं चित्रीकरण करत होते तेव्हा मॅकार्टनी या घरात उतरला होता. जॅक्सन त्याला भेटायला आला आणि जागा त्याच्या मनात भरली. गंमत म्हणजे त्याच सुमाराच्या दोस्तीत मॅकार्टनीने त्याला आणखी एक गोष्ट सांगून ठेवली होती: गाण्यांचे हक्क विकत घेण्यात खरा पैसा आहे. जॅक्सनने दोन्ही गोष्टी मनावर घेतल्या. १९८५ मध्ये त्याने ४७.५ दशलक्ष डॉलर मोजून एटीव्ही ही हक्कांची कंपनी घेतली. तिच्यात बीटल्सची, म्हणजे मॅकार्टनीचीच, अडीचशेच्या आसपास गाणी होती. मॅकार्टनीला हे किती झोंबलं ते जगजाहीर आहे. आणि १९८८ मध्ये जॅक्सनने हे रँच घेतलं. त्याची किंमत १७ दशलक्षांपासून ३० दशलक्ष डॉलरपर्यंत वेगवेगळी छापून आली.

तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. इंडियानातल्या गॅरी या पोलादाच्या गावात दोन बेडरूमच्या, नऊ भावंडांच्या घरात वाढलेला, शाळकरी वयापासून रात्री क्लबात गाणारा, बापाच्या पट्ट्याला भिणारा पोरगा. बालपण मिळालं नाही हे त्याने इतक्यांदा सांगितलं की लोकांना ते पाठ झालं, आणि पाठ झालेल्या गोष्टीवरचा विश्वास उडतो तसा त्यावरचाही उडाला. पण दुःख खरं होतं. त्यावर त्याने काढलेला उपाय म्हणजे ही जागा. नावही जे. एम. बॅरीच्या ‘पीटर पॅन’मधलं घेतलं, जिथली मुलं मोठी होत नाहीत त्या बेटाचं. आपल्याकडे माणसं घराला ‘मातृछाया’, ‘आशीर्वाद’, फार तर ‘श्रमसाफल्य’ म्हणतात. ज्याच्या नावातच ‘कधीच नाही’ आहे, असं घर माझ्या पाहण्यात नाही. आमची आजी असती तर म्हणाली असती, “वास्तू तथास्तु म्हणते हो, जपून बोलावं.”

मग एकेक गोष्ट येत गेली. आकाशपाळणा आला, फिरते घोडे आले, धडकायच्या गाड्या, घसरगुंड्या आल्या. हत्ती, जिराफ, वाघ, लामा. स्वतःचं अग्निशमन दल. वाफेचं इंजिन असलेली आगगाडी, इंजिनाला आईचं नाव: कॅथरिन. आगगाडी आहे म्हणून स्टेशन, आणि स्टेशनसमोरच्या उतारावर फुलांचं प्रचंड घड्याळ. ६ ऑक्टोबर १९९१ ला एलिझाबेथ टेलरचं आठवं लग्न इथेच लागलं. डोक्यावर बातमीदारांची हेलिकॉप्टरं घरघरत होती आणि एक बहाद्दर तर पॅराशूट लावून थेट वऱ्हाडात उतरला.

या वैभवाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. फोटोत दिसत नाही ती गोष्ट अशी की यातलं फार थोडं एका माणसाने एकट्यानं वापरण्यासारखं होतं. आकाशपाळण्यात एकटा बसलेला माणूस कसा दिसेल? आगगाडीला उतारू लागतात. पन्नास खुर्च्यांच्या थिएटरला प्रेक्षक लागतात. नेव्हरलँड पाहुण्यांसाठी बांधलेलं होतं, आणि पाहुणे म्हणजे मुलं. बसगाड्या भरून मुलं यायची: इस्पितळांतली, गरीब वस्त्यांतली, कॅन्सर झालेली. कुणालाच पैसे पडायचे नाहीत. सार्वजनिक बागेचं काम आणि दिवाणखान्याची मालकी अशी ती जागा होती. मला तिचं सगळं दुखणं इथे दिसतं.

म्युनिसिपालिटीच्या बागेच्या फाटकावर पाटी असते. वेळ अमुक ते तमुक, फुलं तोडू नयेत, बारा वर्षांवरील मुलांनी झोपाळ्यावर बसू नये. या पाट्यांना आपण हसतो आणि बारा वर्षांवरचे सगळे झोपाळ्यावर बसतात. तरी ती पाटी काहीतरी करत असते. ही जागा कुणा एकाच्या मर्जीवर चालत नाही एवढं ती सांगते. इस्पितळातली खाट घ्या. खाटेला नंबर असतो, पायाशी तक्ता लटकलेला असतो, पाळीवर सिस्टर असते, भेटीची वेळ ठरलेली असते, पोर कुणी आणलं आणि कुणी नेलं याची सही असते. त्या खाटेवर डॉक्टर बसला तर कुणी वळून बघत नाही. डॉक्टर मुळात सज्जन असतात म्हणून हे घडतं असं नाही. आजूबाजूला रजिस्टर असतं म्हणून घडतं. नेव्हरलँडच्या खाटेला असं काही नव्हतं. तिची हमी एकच होती, ती म्हणजे मालकाचं मन निर्मळ आहे. आणि मन निर्मळ असल्याची पावती कुठल्याच कार्यालयात मिळत नाही.

त्याने संस्था काढलीच नव्हती असंही नाही. १९९२ मध्ये त्याने ‘हील द वर्ल्ड’ नावाचं प्रतिष्ठान स्थापन केलं. जगभरच्या मुलांना मदत करायची आणि गरजू मुलांना नेव्हरलँडला आणायचं, असं त्याचं काम. पुढे त्या प्रतिष्ठानाने वार्षिक हिशेब सादर करणंच सोडून दिलं आणि २००२ मध्ये त्याची करसवलत गेली. मला हा तपशील हत्ती-जिराफांपेक्षा बोलका वाटतो. पाळणे फिरत होते, इंजिनाला तेलपाणी होत होतं, फुलांच्या घड्याळाला रोज पाणी मिळत होतं आणि सगळ्या पसाऱ्यात वर्षातून एकदा भरायचा कागद तेवढा भरला जात नव्हता. मराठीत ‘विश्वास’ आणि ‘विश्वस्त’ हे एकाच घरातले शब्द आहेत. जॅक्सनने पहिला जगाकडे मागितला, दुसऱ्याची त्याला कटकट वाटली असावी.

यावर कुणी म्हणेल, संस्थांचं कौतुक पुरे झालं. संस्थांच्या पाटीखाली काय काय चालतं हे महाराष्ट्राला सांगायला नको; आश्रमशाळांच्या बातम्या वाचून पोटात कालवतं. मान्य. रजिस्टर ठेवल्याने माणूस सद्गुणी होत नाही. पण रजिस्टर असलं की तपासायला काही असतं: कोण कधी आलं, कुणाच्या देखरेखीखाली होतं, कोण हजर होतं. ते नसलं की उरतात दोन कहाण्या, मालकाची आणि तक्रारदाराची, आणि त्यांच्यामध्ये सगळं जग पंच होऊन बसतं. नेव्हरलँडचं अगदी तेच झालं. १९९३ च्या ऑगस्टमध्ये पहिला आरोप झाला. १९९४ मध्ये दिवाणी दाव्यात पैसे देऊन तडजोड झाली, फौजदारी आरोपपत्र दाखल झालं नाही. २००५ मध्ये सांता मारियाच्या न्यायालयात खटला चालला आणि १३ जूनला ज्यूरीने त्याला सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. २०१९ मध्ये दोन पुरुषांनी लहानपणी आपल्यावर अत्याचार झाल्याचं एका माहितीपटात सांगितलं. जॅक्सनच्या वारसदारांच्या बाजूने ते साफ नाकारण्यात आलं. निकाल ज्यूरीने दिला, मी नव्याने देणार नाही. मला दिसतं ते एवढंच की ज्या बेफिकिरीने आजारी मुलाला खाट दिली, तिनेच मालकाला संशयापासून आणि मुलांना मालकापासून कसलंच संरक्षण ठेवलं नाही. मुलांच्या बाजूने पाहिलं तर ही बेफिकिरी जास्त गंभीर आहे. मालकाकडे निदान वकील होते.

झडतीनंतर काही आठवड्यांनी टीव्हीवरच्या एका मुलाखतीत तो म्हणाला की आता ती नुसती वास्तू आहे, घर नाही. तिथे मी पुन्हा राहणार नाही. खटला संपल्यावर तरी हा शब्द त्याने पाळला. निर्दोष सुटल्यावर तो बहारीनला निघून गेला.

त्यानंतरचा भाग कोकणातल्या माणसाला समजावून सांगावा लागणार नाही. आमचं गावचं घर अकरा महिने बंद असतं. पावसाळ्याआधी कौलं परतायची, वाळवी लागलेला वासा बदलायचा, विहिरीचा गाळ काढायचा. एक वर्ष कुणी गेलं नाही. पुढच्या मे महिन्यात दार उघडलं तर माजघरात गुडघाभर रान आणि देवखोलीच्या भिंतीवर वारुळ. घर पडतं ते पावसाने असं आपण म्हणतो. ते पडतं दिवाबत्ती बंद झाली की. म्हणून माणसं शेजारच्या कुणाला तरी महिन्याला चार पैसे देऊन तिन्हीसांजेला दिवा लावायला सांगतात. तेल-वात नावाला, खरं म्हणजे कुणीतरी रोज दार उघडावं यासाठी ते पैसे.

नेव्हरलँडचा दिवा लावणाऱ्यांचे पगार थकले. मार्च २००६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कामगार खात्याने तिथलं काम बंद पाडलं, कारण नोकरांचा अपघात-विमाही चालू नव्हता. दंड झाला, थकलेल्या पगारांपोटी तीन लाखांहून जास्त डॉलर भरावे लागले. मालकाच्या वैभवाच्या कहाण्यांत माहूत, माळी, इंजिन-ड्रायव्हर कधी नसतात. ते पहिल्यांदा दिसतात ते पगार थकल्याच्या बातमीत. जनावरं एकेक करून गेली. दोन वाघ नटी टिपी हेड्रेनच्या अभयारण्यात पोचले. त्यांतल्या एकाचं नाव ‘थ्रिलर’. बबल्स हा चिंपांझी वयात आल्यावर अंगाखांद्यावर खेळवण्यासारखा राहिला नव्हता, तो फ्लोरिडातल्या वानरांच्या आश्रयस्थानात गेला. पाळणे जत्रावाल्यांनी नेले. हे मला त्यातल्या त्यात बरं वाटतं. कुठल्या तरी गावच्या जत्रेत, तिकीट काढून, आईबापांच्या देखत पोरं त्यात बसली असतील.

आता ते आकडे. २००८ मध्ये रँचवरचं २४.५ दशलक्ष डॉलरचं कर्ज थकलं आणि लिलावाची नोटीस निघाली. कॉलनी कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने कर्ज विकत घेतलं म्हणून लिलाव टळला, आणि नोव्हेंबरात जागेची मालकी जॅक्सन व ती कंपनी यांच्या भागीदारीकडे गेली. याच माणसाने गाण्यांच्या हक्कांत घातलेल्या ४७.५ दशलक्षांचं काय झालं? १९९५ मध्ये ती कंपनी सोनीच्या कंपनीत विलीन होऊन अर्धा हिस्सा त्याचा राहिला. तो हिस्सा त्याच्या पश्चात २०१६ मध्ये सोनीने ७५० दशलक्ष डॉलरला घेतला. म्हणजे रँच गेलं तेव्हा त्याच्याकडे संपत्ती नव्हती असं म्हणताच येत नाही. होती, पण ती गहाण टाकून त्यावर कर्जाचे मजले चढवलेले होते.

जमीन कुठे पळून जात नाही, असं आपल्याकडे लेकीच्या लग्नापासून पोराच्या शिक्षणापर्यंत सगळ्या व्यवहारांत सांगतात. इथे जमीन जागच्या जागी राहूनही हातची गेली, आणि हवेत विरणारी गाणी टिकली. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. गाण्यांच्या मागे करार होते, वकील होते, कुठल्या देशात कितीदा वाजलं याची नोंद होती, सोनीसारखा खमका भागीदार होता. मालकाचा मूड कसाही असला तरी पैसे जमा होत होते. रँचच्या मागे फक्त मूड होता. एकाच माणसाने एक मालमत्ता संस्थेसारखी चालवली आणि दुसरी लहरीवर. ‘कलावंताला व्यवहार कळत नाही’ हे इथे लागू पडत नाही. त्याला तो उत्तम कळत होता. नेव्हरलँडमध्ये त्याला व्यवहार नकोच होता. व्यवहार म्हणजे मोठं होणं.

२५ जून २००९ ला तो गेला, लॉस एंजेलिसमधल्या भाड्याच्या घरात. त्याला नेव्हरलँडमध्येच पुरावं, तिथे स्मारक करावं, अशी चर्चा सुरू झाली. जमीन शेतीची, रस्ता दोन गाड्या जेमतेम जातील एवढा, आणि खोऱ्यातल्या रहिवाशांना पर्यटकांच्या रांगा नको होत्या. सप्टेंबरात त्याचं दफन ग्लेनडेलच्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीत झालं.

आणि तरी स्मारकाची कल्पना वेडगळ नव्हती. त्याच किनाऱ्यावर उत्तरेला सॅन सिमिऑनला वृत्तपत्रांचा सम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टचा डोंगरावरचा वाडा आहे. उधळपट्टीच म्हणाल तर त्यापुढे नेव्हरलँड म्हणजे पोरखेळ. ज्युलिया मॉर्गन या वास्तुरचनाकार बाईंनी १९१९ पासून जवळपास तीन दशकं तो बांधला आणि मालकाचं समाधान कधी झालं नाही. त्याचंही प्राणिसंग्रहालय होतं. हर्स्ट १९५१ मध्ये वारला, १९५७ मध्ये त्याच्या कंपनीने वाडा राज्याला दिला, पुढच्या वर्षी तो लोकांना खुला झाला. त्याच्या झेब्र्यांचे वंशज अजून रस्त्याकडेला गुरांत चरताना दिसतात. दुसरं उदाहरण मेम्फिसचं ग्रेसलँड. एल्विस प्रेस्लेने १९५७ मध्ये १,०२,५०० डॉलरना घेतलेलं, चौदा एकरांच्या आतलं. तो १९७७ मध्ये गेला तेव्हा मागे नऊ वर्षांची मुलगी, घराचा वर्षाला पाचेक लाख डॉलरचा खर्च आणि विकून टाकण्याचा सल्ला देणारे लोक. घटस्फोटित बायको प्रिसिलाने आर्थिक सल्लागार गाठले आणि ७ जून १९८२ ला तिकीट लावून घर उघडलं. आज तिथे वर्षाला लाखो लोक जातात. ती नऊ वर्षांची मुलगी, लिसा मेरी, पुढे १९९४ ते १९९६ मायकल जॅक्सनची बायको होती. तिकीट लावलेल्या घराची मालकीण आणि फुकटच्या नंदनवनाचा मालक एका छपराखाली होते! या विषयावर त्यांचं कधी बोलणं झालं असेल का, असा चोंबडा प्रश्न मला नेहमी पडतो.

तिकीट, रांग, मार्गदर्शक, ‘हात लावू नये’ची दोरी. ग्रेसलँडला नाकं मुरडणारे म्हणतात, घराचा बाजार मांडला. मांडला खरा. पण दोरीच्या अलीकडून बघणाऱ्याला कळतं की आपण पाहुणे नाही, गिऱ्हाईक आहोत, आणि गिऱ्हाइकाला हक्क असतात. नेव्हरलँडच्या पाहुण्याला फक्त आभार मानता येत होते.

तसा जॅक्सनचा पाहुणचार मुंबईनेही केला. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात कार्यक्रम झाला. त्याआधी तो मातोश्रीवर गेला, आणि तिथल्या स्वच्छतागृहाच्या वापराचा किस्सा शहराने वर्षभर चघळला. कार्यक्रम शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी म्हणून होता, आणि युती सरकारने त्याचा करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायतीने ते उच्च न्यायालयात नेलं. हेतू चांगला असेलही, पण माफी कुठल्या नियमात बसते, हा मुद्दा. तीन कोटींहून जास्त रुपये त्यात अडकून राहिले. करमाफीवर मंत्रिमंडळाने शिक्कामोर्तब केलं ते २०२१ च्या जानेवारीत. चोवीस वर्षं. फाईल कंटाळवाणी असते, पण ती मेलेल्या माणसाचीही वाट बघते.

त्याच्या काही आठवडेच आधी, डिसेंबर २०२० मध्ये, नेव्हरलँड विकलं गेलं होतं. २०१५ मध्ये विक्रीला काढलं तेव्हा मागितलेली किंमत १०० दशलक्ष डॉलर. दोन वर्षांनी ६७. २०१९ मध्ये, त्या दोन पुरुषांचा माहितीपट आला त्याच सुमारास, ३१. शेवटी अब्जाधीश रॉन बर्कलने २२ दशलक्षांना घेतलं. डोंगर, ओक, तळं, घर, काही कमी झालेलं नव्हतं. पाच वर्षांत अठ्ठ्याहत्तर दशलक्षांची घसरण झाली ती जमिनीची नव्हतीच. ती होती नावाची, आणि विकणाऱ्यांना ते कळत होतं. म्हणून २०१५ च्या जाहिरातीत त्यांनी जुनं नाव परत आणलं: सिकमोर व्हॅली रँच. जाहिरातीच्या भाषेत आता ती गुरं चारण्याजोगी, घोडे फिरवण्याजोगी, शांत जागा होती.

फोटोंमध्ये पाळणे नव्हते, जनावरं नव्हती. स्टेशन मात्र उभं होतं, रंग ताजा होता. आणि त्याच्यासमोरच्या उतारावर ते फुलांचं घड्याळ होतं, आणि फुलांनीच लिहिलेली मोठी अक्षरं: नेव्हरलँड. घराचं नाव बदलायला एक सही लागते. ही अक्षरं कुणीतरी अजून पाणी घालून, कडा कापून नीट राखत होतं, आणि त्या माळ्याचा पगार आता कॉलनी कॅपिटलच्या खर्चात पडत होता.